ताडपत्रीतली खिडकी

बसा, उभे का? माझ्यावरच बसा. मी खुर्ची बोलतेय. दिवाणखान्यातली नव्हे, न्हाव्याच्या दुकानातली नव्हे, आणि जिच्यासाठी लोक एकमेकांचे पाय ओढतात ती तर मुळीच नव्हे. माझ्यासाठी कुणी कुणाचा पाय ओढल्याचं मला आठवत नाही. फ्लोरिडात, पोर्ट सेरेनाच्या बेसबॉल मैदानात, वरच्या मजल्यावर, अगदी वरच्या रांगेत मी असते. माझ्या मागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे समुद्रपक्षी.

माझी गोष्ट ऐकून हसू आलं तर खुशाल हसा, मीही हसते. जिच्यावर वर्षानुवर्षं कुणी बसलंच नाही अशी खुर्ची तुम्ही कुठे पाहिली आहे का?

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यातला. निळ्या प्लास्टिकचा गरमागरम लगदा साच्यात ओतला, गार केला, आणि आम्ही बहिणी धडाधड बाहेर पडलो. आमची बैठक स्प्रिंगवरची. माणूस बसला की खाली, उठला की टुणकन वर. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला हाताने दाबून पाहिलं, सोडलं, आणि मी इतक्या जोरात वर आले की त्यांचा चष्मा हलला. "ही जरा जास्तच उत्साही आहे," त्या म्हणाल्या आणि मला पास केलं. पुढे कितीतरी वर्षं तेवढाच काय तो मला माणसाचा भार.

मैदानाचं उद्घाटन झालं त्या दिवशी एकही जागा रिकामी नव्हती. बँड होता, फुगे होते, आमच्या पेलिकन्स संघाचा पहिलावहिला सामना होता. माझं तिकीट एका लठ्ठ, लालबुंद, आनंदी माणसाने काढलं होतं. त्याला पाहून माझी स्प्रिंग शहारली. पण गडी इतका हरखून गेला की बसायलाच तयार नाही. सामन्याचे नऊच्या नऊ डाव उभा. माझी बैठक उघडून तिच्यावर त्याने चीजने थबथबलेल्या नाचोजची थाळी आणि थंड पेयाचा भलाथोरला पेला ठेवला. तेव्हा माझ्यावर पहिल्यांदा बसण्याचा मान नाचोजचा. तो माणूस पुन्हा कधी आला नाही.

तोच कशाला, हळूहळू कुणीच येईना. पहिल्या वर्षी लोक नवं मैदान बघायला आले, दुसऱ्या वर्षी बघून झालं होतं. खालचा मजला अर्धा भरायचा, वरच्या मजल्यावर आम्ही खुर्च्या एकमेकींची तोंडं बघत बसायचो. कधी फुकट बाहुला वाटायचा दिवस असे. टिचकी मारली की मान हलवणारा खेळाडूचा बाहुला. त्या दिवशी फाटकाबाहेर ही रांग लागायची. लोक आत यायचे, बाहुला घ्यायचे आणि दुसऱ्या फाटकाने घरी जायचे. खेळाडू खाली धापा टाकत खेळतायत आणि त्यांचे बाहुले गाड्यांमधून माना डोलवत निघालेत, असा तो देखावा.

अशा ओसाड माळावर माझ्या नशिबाने दोन माणसं टिकली.

उजवीकडे ओदालिसबाई. बाईंचे आईवडील क्युबातून आलेले, बाई इथेच जन्मल्या, इथेच त्यांनी केस कापायचं दुकान चालवलं आणि सत्तरी जवळ आल्यावर भाचीच्या हाती सोपवलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून त्यांची जागा तीच. आवाज असा, की वरून ओरडल्या तर खाली पंच मान वर करून बघायचा. अंगात पेलिकन्सचा निळा सदरा. त्याच्या पाठीवर सुरुवातीला एका लाडक्या खेळाडूचं नाव छापलेलं होतं. त्या खेळाडूला मालकांनी विकलं. बाईंनी त्या नावावर दुखापतीला लावायची पांढरी चिकटपट्टी लावून दुसऱ्याचं नाव लिहिलं. त्यालाही विकलं. मग तिसरी पट्टी. आमच्या संघात पोरगं जरा चमकायला लागलं, लोकांना त्याचं नाव पाठ झालं, की मालक त्याला कुठल्यातरी श्रीमंत संघाला विकून मोकळे. बाईंच्या पाठीवर पट्ट्यांचा हा जाडजूड थर झाला होता. आणि पाठीवर हात पोहोचत नसल्यामुळे प्रत्येक नाव वाकडं.

माझ्या डावीकडे वेंडेल. हे ओहायोचे. अॅक्रनमधल्या टायरच्या कारखान्यात जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर बर्फ उपसायचा कंटाळा आला म्हणून बायकोला घेऊन इथे आले. बायको दोनच वर्षांत गेली. वेंडेल राहिले आणि त्यांची ओहायोच्या संघाची लाल टोपी राहिली. समोर कुठलाही संघ असो, टोपी तीच. "मी बेसबॉल बघायला येतो, तुमच्या संघाला बघायला नाही," हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं.

एवढा मजला मोकळा असताना हा माणूस बाईंपासून एकच खुर्ची सोडून का बसला, हे मला कळत नव्हतं असं नाही. भांडायला माणूस लागतो. मधली खुर्ची म्हणजे मी, दोघांच्यातली सरहद्द. माझ्या दुमडलेल्या पोटात उजवीकडून बाईंची हँडबॅग कोंबलेली, डावीकडून वेंडेलची टोपी. बॅगेत काय नव्हतं? पेरूच्या मुरंब्याच्या करंज्या, थर्मासातली साखर घातलेली कडक कॉफी, चिकटपट्टीचं रीळ, कात्री. कॉफी वेंडेलनाही मिळायची, पण टोमण्यासकट. एखाद्या दिवशी गुडघा धरला म्हणून ते आले नाहीत, की दुसऱ्या दिवशी बाई मैदानावरची नजर न हलवता विचारायच्या, "काल कुठे उलथला होतात?"

"तुमचा संघ हरलेला टीव्हीवर बघितला. गार हवेत, पाय पसरून."

"मग आज कशाला आलात?"

"टीव्ही कॉफी देत नाही."

असं आमचं छान चाललं होतं. आणि तेवढ्यात ताडपत्रीची बातमी आली.

झालं असं, की टीव्हीच्या कॅमेऱ्याने चेंडू उंच उडाला म्हणून मान वर केली, की पडद्यावर आम्ही दिसायचो, निळ्याशार रिकाम्या खुर्च्यांचा डोंगर. मालकांना त्याची लाज वाटायची. म्हणून ठरलं, की वरचा मजला पुरता ताडपत्रीने झाकून टाकायचा, वर पेलिकन पक्ष्याचं मोठ्ठं चित्र छापायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल जागाच नाही. ही खबर वाऱ्याबरोबर रांगारांगांतून माझ्यापर्यंत आली. मी हादरले. कुणी बसलं नाही तरी चालेल, बसेल या आशेवर खुर्ची जगते. ताडपत्रीखाली कसली आशा?

तो बुधवार होता. बुधवारी भर दुपारी सामना ठेवायचं कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. लोक कामावर, पोरं उन्हाळी शिबिरांत, आणि ऊन असं, की लोखंडी कठडा धरला तर हात भाजावा. समोर नेमका ओहायोचा संघ. शनिवार-रविवारी मैदान लाल टोप्यांनी फुललं होतं, कारण या गावात निम्मी माणसं थंडीला कंटाळून उत्तरेकडून आलेली आणि येताना आपापला संघ काळजात घालून आणलेला. बुधवारी तेही नव्हते. मैदान इतकं रिकामं, की खालचा शेंगदाणेवाला शिंकला तर आम्हाला वर ऐकू यावं.

तिसरा डाव चालू असताना जिन्यावरून प्रेंटिस आला. हा तिकीटविक्रीचा तरुण साहेब. त्या उन्हात गळ्यात टाय. ओदालिसबाईंसमोर उभा राहून अदबीने सांगायला लागला, की मॅडम, वरचा मजला आता बंद होतोय, तुम्हाला खाली, अगदी मैदानाला लागून जागा देतो, भाव तोच, वर एक बाहुलाही देतो.

"आधी बस," बाई म्हणाल्या. "उभा राहिलास की मला पिचर दिसत नाही."

पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. प्रेंटिसने इकडेतिकडे पाहिलं. बाईंनी हँडबॅग उचलून मांडीवर घेतली, वेंडेलनी नाइलाजाने टोपी डोक्यावर चढवली, आणि तो बसला.

माझ्यावर! माणूस! काय सांगू तुम्हाला. मी इतकी थरथरले, की प्रेंटिसने खाली वाकून बघितलं, काही मोडलंय का. स्प्रिंग कुरकुरली, गंज झडला, आणि कारखान्यातल्या त्या बाईंच्या हातानंतर पहिल्यांदा मी पूर्ण खाली गेले. जड होता बेटा. किती छान जड होता.

मग तिघांची जुंपली. प्रेंटिस बिचारा दिवसभर हाच विचार करायचा, की लोक का येत नाहीत. त्याच्या मते गावाचा दोष होता. माणसं राहतात खाडीच्या पलीकडे आणि मैदान अलीकडे, मधे एकच लांबलचक पूल, संध्याकाळी पुलावर गाड्यांची अशी रांग, की माणूस तिसऱ्या डावाला पोहोचतो आणि परतीची गर्दी चुकवायला सातव्यालाच उठतो. बाई म्हणाल्या, पूल काय आज बांधलाय का? तुम्ही पोरं विकता. प्रेमात पडायला वेळ देत नाही. त्यांनी पाठ वळवून पट्ट्यांचा थर दाखवला. वेंडेल म्हणाले, दोघंही चुकता. इथे बापाने पोराला खांद्यावर बसवून मैदानात आणलंय, असं किती जणांच्या बाबतीत झालंय? संघच नवा. अॅक्रनमध्ये माझ्या आज्याने ज्याला शिव्या दिल्या त्याच संघाला मी शिव्या देतो. त्याला मुरायला वेळ लागतो.

"मग मुरा की इथे," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली, अजून लोणचं कच्चंच."

प्रेंटिस हसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, की खरं सांगायचं तर सुट्टीच्या दिवशी तोही सामना घरीच टीव्हीवर बघतो. घरी गारवा आहे, गाडी उभी करायला कुणी पैसे मागत नाही. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने टायची गाठ सैल केली.

सहावा डाव सुरू झाला तेव्हा जिन्यावरून दोन कामगार खांद्यावर ताडपत्रीची गुंडाळी घेऊन वर आले. मोजून बघायला प्रेंटिसनेच त्यांना बोलावलं होतं. त्यांना जागा दाखवायला तो उठायला लागला, आणि बाईंनी त्याची टाय धरून त्याला खाली ओढलं.

"हलू नकोस."

त्यांची नजर धावफलकावर होती. वेंडेलनी पाहिलं, प्रेंटिसने पाहिलं, मग कामगारांनीही पाहिलं. ओहायोच्या नावापुढे धावा शून्य आणि फटकेही शून्य. आमच्याकडून चेंडू टाकत होता डॅरो नावाचा एक काटकुळा पोरगा, छोट्या गावातल्या संघातून महिन्यापूर्वीच आलेला. त्याचं नाव अजून कुणाच्या पाठीवर नव्हतं. तिसऱ्या डावापासून भांडण्याच्या नादात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, की या पोराने समोरच्या एकालाही धड फटका मारू दिलेला नाही.

अख्ख्या सामन्यात असं झालं, तर त्याला इथे एक नाव आहे. पिचरच्या आयुष्यात असा दिवस आला तर एकदा येतो, बहुतेकांच्या येतच नाही. आणि नियम असा, की सामना संपेपर्यंत ते नाव घ्यायचं नाही, फटका पडला नाही हे तोंडाने बोलायचं नाही, आणि जो जिथे आहे तिथून त्याने हलायचं नाही. बोललात की दृष्ट लागली. पिचरशेजारी त्याचे सोबतीसुद्धा बसत नाहीत. मी तर जन्मभर मैदानातच असते, म्हणून मी ते नाव कधीच घेत नाही. आपण त्याला कोरी पाटी म्हणू.

मग काय मजा झाली म्हणता! बाईंनी कामगारांना हातानेच खूण केली, आहात तिथे थांबा. तेही इथलेच, त्यांनाही नियम माहीत. दोघं जिन्याच्या पायरीवर ताडपत्रीची वळकटी खांद्यावर घेऊन जे थिजले ते थिजलेच. एकाचा पाय वरच्या पायरीवर, दुसऱ्याचा खालच्या. खाली शेंगदाणेवाला टोपली डोक्यावर धरून उभा. प्रेंटिसचा फोन वाजला, मालकांचा. बाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि हँडबॅगेत करंज्यांच्या खाली गाडून टाकला.

"पाच डाव हा आवाज नव्हता," त्या कुजबुजल्या. "आता नको."

मालक करंज्यांच्या खालून बराच वेळ गुणगुणत राहिले.

सातवा डाव. रोज या वेळेला लोक गाडीच्या किल्ल्या काढतात. आज एकही माणूस उठला नाही. आणि मी जिथे असते तिथून पूल दिसतो, म्हणून पहिल्यांदा मलाच दिसलं. रेडिओवाल्यानेही तोंडाने काही सांगितलं नव्हतं म्हणे, नुसतं "शक्य असेल तर या" म्हणाला होता. पुलावर पलीकडे निघालेल्या गाड्या टोकाला जाऊन वळत होत्या. एक वळली, तिच्यामागे दुसरी, मग रांगच. ज्या पुलाने इतकी वर्षं लोकांना अडवलं तोच आता माणसं ओतत होता. प्रेंटिसने उठता येईना म्हणून बसल्या जागेवरून हातवारे करून खाली फाटकवाल्यांना सांगितलं, उघडा, सगळ्यांना सोडा, तिकिटाचं नंतर बघू. अंगात अॅप्रन घातलेले आचारी आले. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली ऑफिसची माणसं आली. दाताच्या डॉक्टरकडून तसाच उठून आलेला एकजण होता, त्याचं अर्धं तोंड बधिर, टाळ्या मात्र दोन्ही हातांनी. खाली जागा पुरेना, लोक वर यायला लागले. माझ्या बहिणींच्या बैठका खाली जाताना असा आवाज होत होता, की आनंदाने माझे बोल्ट सैल झाले. कामगारांच्या ताडपत्रीखालून वाकून वाकून माणसं रांगांत शिरत होती.

आठवा डाव सुरू झाला. आता सगळं मैदान तोंडावर बोट ठेवून बसलेलं. आणि तेव्हा वेंडेल बोलले.

ते मुद्दाम बोलले, यात मला शंका नाही. समोर त्यांचा ओहायोचा संघ होता, आज्यापासूनचा. समोरच्या पिचरची कोरी पाटी पुसायला ओहायोत हेच करतात. त्यांनी घसा खाकरला आणि मोठ्यांदा म्हणाले, "एक विचारू का? या पोराने आज एकही फटका मारू दिलेला नाही, हे कुणाच्या लक्षात आलंय का?"

तीन रांगा वळून बघायला लागल्या. पुढचा कामगार "अरे देवा" म्हणाला. ओदालिसबाईंनी छातीवर क्रूस काढला, थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि थर्मास बॅगेत ठेवून दिला. इतक्या वर्षांत बाई वेंडेलशी न बोलल्याचा तो पहिला प्रसंग. मला तो भांडणापेक्षा वाईट वाटला.

पण आठवा डाव सुखरूप गेला. वेंडेल टोपी काढायचे, घालायचे, परत काढायचे. नववा आला. पहिला बाद, दुसरा बाद. बेसबॉलमध्ये तीन बाद झाले की डाव संपतो, म्हणजे आता एकालाच बाद करायचं उरलेलं. सगळे उभे राहिले. फक्त प्रेंटिस बसून होता, कारण बाईंनी टाय अजून सोडली नव्हती. डॅरोने चेंडू टाकला. फलंदाजाने बॅट फिरवली, चेंडू नीट लागलाच नाही, हलकासा उडाला आणि आमच्याच बाजूला, दोन क्षेत्ररक्षकांच्या मधे खाली यायला लागला. आणि माझ्या डावीकडून आवाज आला.

"धर रे! धर बाळा, धर!"

वेंडेल. अॅक्रनचे वेंडेल, लाल टोपी मुठीत चुरगळलेली, दोन्ही हात पुढे पसरलेले, आमच्या पोराला ओरडून सांगत होते.

तो धावला, त्याने अंग झोकून दिलं. चेंडू त्याच्या हातमोज्याच्या टोकाला लागला आणि गवतावर पडला.

धावफलकावर ओहायोच्या फटक्यांच्या शून्याचा एक झाला आणि कोरी पाटी पुसली गेली. मग खालच्या कुठल्यातरी रांगेत एकाने टाळी वाजवली, त्याला दुसऱ्याने साथ दिली आणि सगळं मैदान त्या काटकुळ्या पोरासाठी टाळ्या वाजवायला लागलं. त्याने टोपी काढून सगळ्यांना सलाम केला, पुढच्या फलंदाजाला बाद केलं आणि आम्ही जिंकलो. कामगारांनी गुंडाळी खाली टाकून एकमेकांना मिठी मारली. प्रेंटिस उड्या मारायला लागला आणि मी टुणकन वर.

वेंडेल मात्र खाली बसले होते. "माझ्यामुळे झालं," ते म्हणाले.

आता बाई काहीतरी समजुतीचं बोलतील असं मला वाटलं.

"हो," बाई म्हणाल्या. "तुमच्यामुळेच." आणि बॅग उचलून निघून गेल्या.

त्यानंतर संघ दोन आठवडे परगावी गेला आणि मागे ताडपत्री आली. प्रेंटिसने मालकांना खूप सांगितलं, त्या दिवशीची गर्दी दाखवली. मालक म्हणाले, बुधवार रोज येत नाही. शेवटी प्रेंटिसने एवढंच मागितलं, की ओदालिसबाईंची जागा उघडी ठेवू. तेच दोन कामगार आले. पहिल्या दिवसापासून शेजारी असलेल्या माझ्या बहिणी एकेक करत निळ्या अंधारात गेल्या. कापड माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले, म्हणजे असते तर मिटले असते. तेवढ्यात कामगाराने कात्री काढली आणि विचारलं, "किती खुर्च्यांचं भोक पाडू? तीन?"

प्रेंटिसने जिन्यावरून आम्हा तीन खुर्च्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "दोन."

आणि दोनच उघड्या राहिल्या. बाईंची आणि मी. वेंडेलची खुर्ची पेलिकनच्या चित्राच्या डाव्या पायाखाली गेली.

संघ परत आला. पहिल्या सामन्याला बाई आल्या, ताडपत्रीतल्या आपल्या खिडकीत बसल्या, माझ्या पोटात बॅग कोंबली. वेंडेल आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. बाईंनी दोन करंज्या काढल्या, एक खाल्ली, दुसरी परत ठेवली. पंचाला एकदाही ओरडल्या नाहीत. पंच दोनदा काळजीने वर बघून गेला.

तिसऱ्या दिवशी पाचव्या डावात जिन्यावर दमलेली पावलं वाजली. वेंडेल वर आले ते लाल टोपी हातात घेऊन. आपल्या खुर्चीच्या जागी पेलिकनचा पाय बघून उभेच राहिले.

"काल कुठे उलथला होतात?" बाई मैदानाकडे बघत म्हणाल्या. "आणि परवा?"

"मी आलो तर पोरं हरतील," वेंडेल म्हणाले. "माझी जीभ वाईट आहे. घरी टीव्हीसुद्धा पाठमोरा बसून ऐकला." मग ते पुटपुटले, "आणि इथे आता जागाही नाही."

पोरं. आमची पोरं. ओहायोचा माणूस आमच्या पोरांच्या काळजीने टीव्हीकडे पाठ करून बसला होता. तो आमचा झाला, याला दुसरा काही पुरावा लागतो का?

बाईंनी माझ्या पोटातून हँडबॅग काढली. आजवर कुणाला जागा द्यायला ती फक्त एकदा हलली होती, तीही साहेबासाठी. आज त्यांनी ती उचलून पायाशी, खाली जमिनीवर ठेवली.

"बसा, ओहायो."

ते बसले. माझ्यावर. प्रेंटिसच्या मानाने हलके होते, गुडघा दुखत असल्यामुळे बेतानेच टेकले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुरकुर न करता खाली गेले. आता मधे काही नव्हतं, ना बॅग, ना टोपी, ना सरहद्द. बाईंनी रिळातली चिकटपट्टी कापली, तिच्यावर डॅरोचं नाव लिहिलं, पट्टी वेंडेलच्या हातात दिली आणि पाठ त्यांच्याकडे केली.

"नीट लावा. वाकडी झाली तर याद राखा."

वेंडेलनी इतकी सावकाश लावली, की मधे अर्धा डाव होऊन गेला. बाईंच्या पाठीवरचं ते पहिलं सरळ नाव.

हल्ली मी अशी आहे. अफाट ताडपत्री, तिच्यात एक खिडकी आणि खिडकीत आम्ही. टीव्हीवाल्यांना आमची फार गंमत वाटते, कॅमेरा रोज एकदा तरी वर येतो. त्या बुधवारी आलेल्या दाताच्या माणसाने फोन करून प्रेंटिसला विचारलं, की मलाही एक भोक मिळेल का. त्याला मिळालं. मग एका आचाऱ्याला मिळालं. पेलिकनच्या पोटाला आता बरीच छिद्रं पडली आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी प्रेंटिस त्यातल्याच एका छिद्रात टाय न लावता येऊन बसतो. मालकांना पक्ष्याला गोवर आल्यासारखा दिसतो म्हणे. डॅरोला अजून विकलेलं नाही. विकला तर रीळ आहेच, आणि पट्टी लावायला हातही आहेत.

लोक का येत नाहीत, यावर शहाणी माणसं अजून भांडतात. पूल, ऊन, टीव्ही, विकलेली पोरं, सगळं खरं आहे. मी खुर्ची, मला एवढंच कळतं, की काल कुठे होतात असं विचारणारं कुणी असलं तर माणूस दोन दिवस रुसतो आणि तिसऱ्या दिवशी येतो.

म्हणून म्हणते, या कधीतरी. पुलावर गाड्यांची रांग असेल, चालेल, उशिरा या. माझ्या कितीतरी बहिणी अजून अंधारात आहेत आणि कात्री बाईंच्या बॅगेतच असते. फक्त धावफलकावर समोरच्याचे फटके शून्य दिसले तर तोंडातून शब्द काढू नका. वेंडेल फार चिडतात.